जागायची गोळी

लिंबागणेश
८ मार्च १९८७

राधाकिशनराव कंपाउंडरसाहेब यांस,

कारभारी ओव्हाळ याचा जयभीम. मुक्ताबाई वहिनींना नमस्कार.

आंतरदेशीय पत्रात जागा कमी असते आणि मला थोडक्यात लिहिता येत नाही. गेल्या वेळी मुद्द्याची गोष्ट चिकटवायच्या घडीवर लिहिली आणि तुम्ही पत्र फोडताना ती फाटली. म्हणून या वेळी मुद्दा आधी लिहितो. आमचा भारत बरा नाही.

आता कसं सांगू. लोक म्हणतात यंदाचा दुष्काळ बहात्तरसारखा आहे. मला तसं वाटत नाही. बहात्तरात अन्न नव्हतं, पण विहिरीच्या तळाला पाणी होतं. आता रेशनला ज्वारी आहे आणि पाणी नाही. शिवाय बहात्तरात आपण सगळे तलावाच्या कामावर एका जागी होतो. दोन हजार माणूस खडी फोडायचं. दुपारी सुकडी शिजल्याचा वास बांधापर्यंत यायचा आणि तुम्ही औषधाची पत्र्याची पेटी सायकलला बांधून यायचात. कामावर पाण्याचे रांजण दोन होते, एक आमचा, एक बाकीच्यांचा. तुम्ही पहिल्याच दिवशी आमच्या रांजणाजवळ येऊन म्हणालात, "सरूबाई, तांब्याभर पाणी द्या बरं." आणि सगळ्यांसमोर ते प्यायलात. माझी सरू मरेपर्यंत ती गोष्ट सांगायची.

पुन्हा भरकटलो. भारत दूध संघाचा टँकर चालवतो हे तुम्हाला माहीत आहे. यंदा दूध आटलं, म्हणून सरकारनं संघाचे टँकर पिण्याच्या पाण्यासाठी घेतले. दिवाळीपासून भारत धरणावरून रोज सहा खेपा करतो. दोन-तीन तास झोपतो, कधी तेवढेही नाही. लई वाळला आहे. महिन्याभरापासून म्हणतो, एक जीप मागं असते. जीप कुणाला दिसत नाही.

गेल्या सोमवारी त्यानं वेशीबाहेर टँकर उभा केला आणि मागची चावी सोडून दिली. पन्नास बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. त्या धावल्या, पण सगळं पाणी मातीत गेलं. बायांनी लुगड्याच्या पदरानं चिखल पिळला. भारत टपावर उभा राहून ओरडत होता, "पिऊ नका! इख कालवलंय त्यात! म्या ऐकलंय त्यांना बोलताना!" कोण बोललं, तर म्हणतो, इंजिनात बोलतात.

शेजारी म्हणतात देवऋष्याकडं न्या. आम्ही छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, आता कुठल्या तोंडानं जाऊ? पण तुमच्यापासून काय लपवायचं. मनात येतं, त्या सोडलेल्यांनीच तर धरलं नसेल?

लवकर लिहा. पत्र मिळालं की नाही तेही लिहा.

तुमचा
कारभारी


धर्मापुरी
१३ मार्च १९८७

कारभारी,

रामराम आणि जयभीम, दोन्ही घे. पंधरा वर्षं सांगतोय मला अहोजाहो करू नको, पण तुझ्या डोक्यात काही शिरत नाही.

सोडलेले देव एकतीस वर्षं वाट बघून टँकरच्या ड्रायव्हरला धरत नाहीत बे. मला एवढंच सांग, सहा खेपा आणि दोन तास झोप हे माणसाच्या अंगात येतं कुठून? येत नाही. गोळीतून येतं. जागायच्या गोळ्या असतात, लांबचे ट्रकवाले खातात. सीटखाली बघ, टपावरच्या ताडपत्रीत बघ, पोराचे खिसे बघ. सापडतील.

नाक्यावरच्या दवाखान्यात असताना मी अशी दोन माणसं पाहिली. आधी भूक मरते, मग झोप, मग कानाशी बोलणं ऐकू येतं आणि ज्याला-त्याला वाटतं की जग आपल्या जिवावर उठलंय. एक तर स्वतःच्या क्लीनरला पोलीस समजून उसात पळाला होता. दोघेही बरे झाले. यावर औषध आहे, हॅलोपेरिडॉल म्हणतात. आधी सुई, मग गोळ्या. डोक्यातला कालवा हळूहळू बसतो. पण जागायची गोळी कायमची सुटली पाहिजे, नाहीतर सगळं औषध चाळणीत.

गुरुवारी पहिल्या एस.टी.नं त्याला अंबाजोगाईला आण. मोठ्या सरकारी इस्पितळात माझी नोकरीची शेवटची आठ वर्षं गेली, वेड्यांचे डॉक्टर ओळखीचे आहेत. वेड्यांचे म्हटलं म्हणून दचकू नको. मी स्टँडवर उभा असेन. सुनेलाही आण, तुझ्या एकट्याच्यानं तो आवरायचा नाही, आणि ती तुलाही आवरील.

मुक्ता म्हणते, सरूबाईच्या हातची जवसाची चटणी अजून आठवते. मलाही.

राधाकिशन


लिंबागणेश
३ एप्रिल १९८७

राधाकिशनराव यांस जयभीम.

तुम्ही स्टँडवर नसता तर मी काय केलं असतं, हा विचार रोज करतो आणि रोज घाम फुटतो. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. सीटखाली बामाची डबी होती, आत पिवळसर गोळ्या, पन्नासेक तरी. संघाचा दुसरा ड्रायव्हर म्हाळू यानं आणून दिल्या होत्या. तोही खातो म्हणे, पण त्याला काही झालं नाही. माझ्याच पोराला का व्हावं?

इस्पितळातून घरी येऊन चार दिवस झाले. सुया दिल्यावर भारत दोन दिवस नुसता झोपला होता. पाचव्या दिवशी त्यानं मला विचारलं, "आबा, म्या खरंच पाणी सांडलं का?" मी हो म्हणालो. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

आता जीप नाही, आवाज नाहीत. रात्री दोन गोळ्या आणि अंग थरथरू नये म्हणून एक लहान पांढरी. मीच देतो. तीन महिने द्यायच्या आहेत. पण राधाकिशनराव, हा माझा भारत नाही. दहा वाजेपर्यंत झोपतो. उठला की लाकडासारखा बसतो. तोंडातून लाळ येते. सूनबाई चतुरा त्याला विचारते भाकरी वाढू का, तर उत्तर यायला एवढा वेळ लागतो की भाकरी निवते.

आणि पंधरा तारखेला संघाचे सुपरवायझर उत्तरेश्वर येणार आहेत. भारत धडधाकट दिसला तर टँकर त्याचा, नाहीतर म्हाळूचा भाचा बसणार.

तुम्ही म्हणाल टँकरचं काय एवढं. शहात्तर साली गावात दूध सोसायटी निघाली तेव्हा सरूनं आमच्या म्हशीचं पहिलं दूध नेलं. दीड लिटर. ती लांब उभी राहिली, सवयीनं. सेक्रेटरी म्हणाला, "पुढं या की, फॅट लावायचीय." काच दुधात बुडवली आणि दूध सगळ्यांच्या दुधाबरोबर एकाच कॅनमध्ये ओतलं. सरू घरी येऊन चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "त्यात आपलं कुठलं, आता ब्रम्हदेवालाबी सांगता यायचं न्हाई." त्या संघाच्या टँकरवर आमचं पोरगं बसलं, त्या दिवशी सरू नव्हती, मी होतो. म्हणून लिहितो.

विचारायचं ते राहिलंच. रात्रीच्या गोळ्या अर्ध्या केल्या तर चालेल का? पंधरा तारखेपुरतंच.

कारभारी


धर्मापुरी
८ एप्रिल १९८७

कारभारी,

चालणार नाही. अर्धी नाही, पाव नाही, पंधरा तारखेपुरती नाही.

अंग लाकडासारखं होतं ते औषधामुळं. डॉक्टरांना जाऊन सांग, ते पांढरी गोळी वाढवतील किंवा औषध बदलतील. ते त्यांचं काम. तू कंपाउंडर होऊ नको, एक होतो तेवढा पुरे. झोपतो तर झोपू दे. चार महिन्यांची झोप आहे, पोरगा व्याजासकट फेडतोय.

ती डबी चुलीत घाल. आज घाल.

तुला गोळीचं भारी वेड. तलावावर बाया उन्हानं पडायच्या, मी दोन गोळ्या द्यायचो, त्या उठून खडी फोडायला लागायच्या. तू पंचक्रोशीत सांगत सुटलास की कंपाउंडरची गोळी मेलेला उठवते. ते मीठ होतं बे, कारभाऱ्या! नुसतं मीठ, गोळीचं केलेलं. तेव्हा सांगितलं नाही, कारण तुझा विश्वास बघून माझीच छाती फुगायची. काय दिवस होते. खायला नव्हतं आणि हसायला एवढं होतं.

टँकर गेला तर जाऊ दे. उत्तरेश्वरला सांग, पोरगा आजारी आहे.

राधाकिशन


लिंबागणेश
२२ एप्रिल १९८७

राधाकिशनराव यांस जयभीम.

घात झाला. तुम्हाला कळलंच असेल, भारत पुन्हा अंबाजोगाईला आहे. तरी क्रमानं लिहितो.

अकरा-बारा तारखेपासून भारत एकदम सुधारला. सहाला उठायचा. बोलायला लागला. जयंतीच्या मिरवणुकीत चौकापासून विहारापर्यंत नाचला, चतुरा दाराआडून बघून हसत होती. पंधराला उत्तरेश्वर आले. भारतनं स्वतः दाढी केली होती. टँकरच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून डिझेलपर्यंत सगळं तोंडपाठ सांगितलं. जरा जास्तच बोलला. उत्तरेश्वर म्हणाले, "कारभारीबाबा, पोरगं लोखंड हाय तुमचं. सोमवारी पाठवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बदली ड्रायव्हरनं टँकरचं पाणी गावविहिरीत ओतलं आणि भारत कुऱ्हाड घेऊन विहिरीच्या काठावर बसला. कुणाला पाणी शेंदू देईना. "सगळ्यात इख हाय," म्हणायचा. "ह्यात हाय, आन माझ्या घरात चहात हाय. रोज घालतेत. म्या गिळतो, गप ऱ्हातो." चतुरा रडत म्हणाली, "अवो, तुमाला कोन इख घालंल?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. दुपारी पोलीस पाटील धर्मराज यानं गोडीनं बोलून कुऱ्हाड काढून घेतली. त्याचे उपकार आहेत.

डॉक्टर म्हणाले, जागायच्या गोळ्या सुटून महिना झाला, औषध चालू आहे, तरी उलटलं. म्हणजे हे गोळ्यांचं नव्हे, हे त्याचं स्वतःचं दुखणं आहे, जन्माचं. म्हणून आणखी वीस दिवस बघून पुण्याकडच्या वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचे कागद केले आहेत. त्यात चहाचंही लिहिलं आहे. ते मोठं लक्षण असतं म्हणे, घरच्यांवर संशय. चतुराचे वडील बिभीषणराव येऊन गेले. भारतला तिकडं पाठवलं की ते चतुराला घेऊन जाणार. त्यांनाही काय बोलणार, एकुलती लेक आहे.

म्हाळूनं त्याला गोळी दिली नाही. तो घराकडं फिरकलाही नाही, हे मी शपथेवर सांगतो. मग असं का झालं असेल? औषध जुनं असेल का? उन्हानं बिघडतं का? मला झोप नाही. मी तर एकही गोळी खाल्ली नाही.

कारभारी


धर्मापुरी
२८ एप्रिल १९८७

कारभारी,

काल भारतला भेटून आलो. सुई चालू आहे, उतार आहे. माझ्याशी शुद्धीवर बोलला. त्याचं बोलणं तसंच लिहितो.

म्हणाला, "काका, मला वाटत व्हतं ते समदं खोटं व्हतं. जीप खोटी, इंजिन खोटं. पर चहा कडू लागायचा ते खरं व्हतं. आता कुनाला सांगू? सांगितलं की डॉक्टर लिवून घेतेत."

मी विचारलं, रोज कडू लागायचा?

"सकाळचा. संध्याकाळचा न्हाई."

कारभाऱ्या, वेड लागलेल्याला दोन्ही वेळचा चहा कडू लागतो. सकाळचाच लागला तर मी विचारीन, तुमच्यात सकाळचा चहा कोण करतं? सरू गेल्यापासून पहाटे उठून चूल तूच पेटवतोस, हे तूच मला दहा पत्रांत लिहिलं आहेस.

मागच्या पत्रात म्हाळूची शपथ घेतलीस, स्वतःची घेतली नाहीस. डबी जाळ म्हणालो होतो, जाळलीस का ते लिहिलं नाहीस.

मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि आपल्या तलावाची आठवण काढत बसलो, कारण दुसरं काही सुचेना. तुला अकरा मेपर्यंत वेळ आहे, बाराला गाडी पोराला घेऊन जाईल. तोवर तू आला नाहीस तर मी जाऊन सांगेन. पण तू सांगावंस. मी सांगितलं तर ते डॉक्टरांसाठी होईल, तू सांगितलंस तर ते भारतसाठी होईल.

येताना जेवून निघ. रिकाम्या पोटी तुला चक्कर येते.

राधाकिशन


लिंबागणेश
१४ मे १९८७

राधाकिशन,

या वेळी अहोजाहो करत नाही. बोलायचं तोंड राहिलं नाही म्हणून नव्हे, जवळचं वाटतं म्हणून.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी निजामाच्या काळी उर्दू शाळेत तिसरी शिकलेला, मराठी पुढं स्वतःच जुळवली, मला कधीकधी वाटतं आपण चुकीचं वाचलं. या वेळी तसं काही नव्हतं.

होय. मीच घालत होतो. अकरा तारखेपासून, सहा दिवस. चतुरा उठायच्या आत एक गोळी वरवंट्याखाली चुरायची आणि गुळाच्या चहात टाकायची. मनाशी म्हणायचो, काट्यानं काटा काढतात, झोपेच्या गोळीला जागायची गोळी. दिवसा ही चालेल, रात्री ती. रात्रीचीही मी अर्धी केली होती. बाराला सकाळी भारत आंघोळ करून, भांग पाडून ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आबा, भूक लागलीय." तेव्हा मला वाटलं, माझं पोरगं मला परत मिळालं.

तेराला त्यानं कपात बोट घालून चाटून पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हाच थांबता आलं असतं. पंधरा तारीख दोन दिवसांवर होती.

विहिरीवर सगळं गाव त्याला भ्रमिष्ट म्हणत होतं. तो जे बोलत होता त्यातली एक गोष्ट खरी होती आणि ती त्या गर्दीत फक्त मला माहीत होती. मी मान हलवली.

अकराला गेलो. तुझ्याकडं आलो नाही, तू दिसला असतास तर तुलाच सांगायला लावलं असतं. जेवून निघालो होतो. डॉक्टरांच्या खोलीत चतुरा होती, बिभीषणराव होते, भारतही होता. मी म्हणालो, "सायेब, त्या कागदात चहाचं लिवलंय ते खोडा. चहात मी घालत व्हतो." आणि बामाची डबी मेजावर ठेवली.

डॉक्टरांनी डबी उघडून पाहिली. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही आज आला नसता तर उद्या आम्ही याला जन्माचा वेडा ठरवून पाठवला असता." बिभीषणराव उठून उभे राहिले. मला वाटलं आता मारतात. चतुरानं त्यांना हातानं खाली बसवलं. मला म्हणाली, "मामा, कावून? कावून ओ?" मी टँकरचं सांगायला गेलो आणि सांगताना मलाच ते लहान वाटायला लागलं.

भारत एकदम चतुराकडं वळून म्हणाला, "बघ. म्या म्हनलतो का न्हाई? कडू व्हता." आणि त्याच्या तोंडावर जे आलं, राधाकिशन, ते मी कसं लिहू. आपल्यावर अन्याय झाला हे ऐकून माणूस इतका हलका झालेला मी कधी पाहिला नाही. स्वतःच्या जिभेवरचा त्याचा भरवसा उडाला होता, तो त्याला परत मिळाला.

कागद रद्द झाले. डॉक्टर म्हणतात, हे पुन्हा गोळीचंच धरायचं, औषध सुरू ठेवायचं, मग हळूहळू कमी करत थांबवायचं आणि लक्ष ठेवायचं. अंग लाकडासारखं होतं त्यासाठी औषध बदललं आहे. परवा घरी आणलं. गोळ्या आता चतुरा देते, चूलही तीच पेटवते. टँकरवर म्हाळूचा भाचा बसला. त्याचे डोळे लाल दिसतात. मी संघात जाऊन उत्तरेश्वरला सांगून आलो की पोरांना सहा खेपा लावू नका, नाहीतर पुढचा टँकरही असाच सांडेल. ते म्हणाले, बघू. मी म्हणालो, मी उद्या पुन्हा येतो. आजही गेलो होतो. उद्याही जाणार आहे.

भारत माझ्याशी बोलत नाही. ताटावर शेजारी बसतो, पण नजर वळवत नाही. निघताना मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं होतं, हा घरी आल्यावर माझ्याशी बोललाच नाही, तोंड फिरवून बसला, तर ते दुखणं उलटल्याचं लक्षण समजायचं का, लगेच आणू का? ते म्हणाले, "नाही बाबा. बापानं असं केल्यावर जो बोलणार नाही, तो ठणठणीत समजायचा."

आज तिसरा दिवस आहे. अजून एक शब्द बोललेला नाही.

तुझा
कारभारी